जुन्या मापाचं घर

नव्या घरातला चौथा दिवस होता, आणि सकाळी आईनं खुर्चीला विचारलं, "आज बोलायचं नाही वाटतं?" मी ओट्याशी चहा गाळत होतो. हात थांबले नाहीत, आपलं काम करत राहिले, एवढं मला आठवतंय. आई खुर्चीच्या पाठीवर तळवा ठेवून उभी होती. खुर्ची रिकामी होती. रिकामीच असणार, बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. आईला दिसत नाही, काचबिंदूनं पंचवीस वर्षांपूर्वीच दोन्ही डोळे नेले, पण बाबा गेले हे काही डोळ्यांनी बघायची गोष्ट नव्हती, ते तिला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. उत्तर आलं नाही तेव्हा तिनं मान थोडी कलती केली, जरा वाट पाहिली, आणि हसून म्हणाली, "रुसलेत." मग उजवीकडे वळून सहा पावलं चालत, कुठेही न अडखळता, सरळ माझ्यापाशी आली आणि हात पुढे केला. मी कप तिच्या हातात दिला. साखर बरोबर आहे का ते विचारलं.

तिचं ते न अडखळता चालणं, ती सगळी माझी करामत. स्वतःची पाठ थोपटून घ्यायची मला सवय नाही, पण या बाबतीत मी चांगली दोन्ही हातांनी थोपटून घेतली होती. गावातलं भाड्याचं घर मालकाला परत हवं होतं. आईचं विसरणंही गेल्या वर्षापासून वाढलेलं, एकच गोष्ट दिवसातून चारदा विचारायची. ताई म्हणाली, माझ्याकडे सासू-सासरे दोघंही अंथरुणाला खिळलेत, तिसरं माणूस कुठं ठेवू. तिनं वृद्धाश्रमाचा फॉर्म आणूनही ठेवला होता. मी म्हटलं, मी नेतो आईला शहरात. त्यावर ताई म्हणाली, बावीस वर्षं चार पुरुषांच्या खोलीत एका कॉटवर काढलीस, स्वतःचा टॉवेल तुला सापडत नाही, तू आंधळ्या बाईला सांभाळणार? यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर झोंबलं. भांडून भांडून शेवटी एक महिना पदरात पडला. मी कामावर असताना आई घरात एकटी असणार, तेव्हा स्वयंपाकघर, संडास, बिछाना, सगळं तिला आपल्या पायांनी गाठता आलं पाहिजे. एकदा जरी पडली, एकदा जरी गोंधळली, तर ताई येऊन घेऊन जाणार. आणि ताई बोलते ते करते. आमच्या घरात हा गुण तिच्या एकटीच्याच वाट्याला आलाय.

आता मी पडलो कटिंग मास्टर. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खडूनं आखायचं आणि मशीन फिरवायची. माझी अक्कल इंचापलीकडे जात नाही. म्हाताऱ्या आंधळ्या बाईला नवं घर शिकवता येणार नाही, तर मग घरच जुन्या मापाचं शोधावं, असलं खूळ माझ्यासारख्याच्याच डोक्यातून निघणार. बिछान्यापासून खिडकीपर्यंत पाच पावलं. तिथून उजवीकडे वळून ओट्यापर्यंत सहा. ओट्याला हात लावून डावीकडे संडास चार. आईचं पाऊल वीस इंचांचं, माझं त्याच्या दीडपट. म्हणून मी दोन्ही घोट्यांना वीस इंचांची नाडी बांधायचो आणि डोळे मिटून प्रत्येक घर चालून बघायचो. एजंट दाराशी उभा राहायचा. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, मला पायाचा काही आजार आहे. पाचव्या घरात म्हणाला, "मास्टर, लोक विचारतात पाणी किती वाजता येतं, तुम्ही इथं शर्यत लावलीय." दहाव्यानंतर म्हणायला लागला की एवढ्या हेलपाट्यांत त्यानं एखाद्याचं लग्न जुळवून दिलं असतं. घरमालकांची तर और तऱ्हा. चाळिशी उलटलेल्या एकट्या पुरुषाला घर द्यायचं म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या. आई येणार म्हटलं की आठ्या जायच्या. आई आंधळी आहे म्हटलं की परत यायच्या: गॅस चालू राहिला तर? नळ उघडा राहिला तर? एक बाई तर म्हणाली, आमच्या फरशीला डाग पडतील. आंधळ्या माणसाचा आणि डागाचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. अशी एकवीस घरं झाली. बाविसावं तिसऱ्या मजल्यावर होतं, भिंतींना ओल, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीचे पाइप. एजंटनं दार उघडतानाच सांगितलं, हे तुम्हाला आवडणार नाही. मी नाडी बांधली, डोळे मिटले. पाच. वळलो. सहा. हात पुढे केला तर ओट्याचा गार दगड बोटांना लागला. डावीकडे चार, आणि दाराची कडी. मी तसाच कडीला धरून उभा राहिलो, मला हुंदका आला. एजंट खिडकीतून पाइप बघत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ठरलं ना? मग ती नाडी सोडा आता, जिन्यात पडाल."

इथवर सगळं बरं होतं. हात दाखवून अवलक्षण केलं ते त्या खुर्चीच्या बाबतीत. ती बाबांची खुर्ची, लाकडी, उंच पाठीची. निवृत्त झाल्यापासून ते सकाळी खिडकीशी तीत बसायचे. आई बिछान्यावरून उठून पाच पावलं आली की तिचा हात खुर्चीच्या पाठीला लागायचा, बाबा "हां" म्हणायचे, आणि आई वळायची. एवढंच. बाबा मुळात मोजकं बोलणारे, दिवसाकाठी वीसेक शब्द, त्यांतले निम्मे "हां". लहानपणी ताई आणि मी त्यावर हसायचो. मी गावी सामान बांधायला गेलो तेव्हा खुर्ची घरात दिसेना. शेजारच्या वहिनींच्या ओसरीवर सापडली. वहिनी म्हणाल्या, आईंनीच दिलीय ती मला, नको म्हणाल्या त्या. मला वाटलं, फुकटातली भक्कम खुर्ची यांना सोडवत नाहीये. मी अगदी गोड बोलून, बाबांची आठवण वगैरे म्हणून, ती परत आणली. वहिनी आणखी काहीतरी सांगत होत्या. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, मी ऐकून घेतलं नाही. नव्या घरात खिडकीपाशी खडूनं खूण करून खुर्ची मांडली, अर्ध्या इंचाचाही फरक नको म्हणून दोनदा टेप लावली. पहिल्या दिवशी ताई आली होती. तिनं आईला बिछान्यावर बसवलं आणि म्हणाली, जा बघू ओट्यापर्यंत. आई उठली, पाच पावलं आली, हात खुर्चीच्या पाठीवर पडला. तिथं ती थोडी जास्तच थांबली खरी. मग वळली आणि गेली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "हे कसं जमवलंस रे?" बावीस वर्षांत ताईनं मला काही चांगलं म्हटल्याचं आठवत नाही, त्यामुळे मी हवेत होतो. आई तिथं का थांबली हे विचारायचं सुचलंच नाही.

त्या चौथ्या दिवशी कामावर गेलो ते डोक्यात तिचं "रुसलेत" घेऊनच. टेबलावर निळ्या कापडाचे साठ थर होते. मी हात फिरवून सुरकुत्या काढत राहिलो, काढून संपल्या तरी काढत राहिलो. ज्याच्याकडे मी कटिंग शिकलो त्या म्हाताऱ्या शिंप्याची एक गोष्ट होती, जुन्या मापावर कापड कापायचं नाही. गिऱ्हाईक म्हणेल, गेल्या वर्षीचं माप आहे की तुमच्या वहीत. असू दे. टेप काढायची, परत माप घ्यायचं. माणूस वर्षभरात वाळतो, सुटतो, एक खांदा खाली येतो, आणि ते त्याचं त्याला कळत नाही. मला त्यानं हे इतक्यांदा सांगितलं होतं की मी ते ऐकणं सोडून दिलं होतं. आईचं माप मी कुठलं घेतलं होतं? मी घरी असतानाचं. बाबा खिडकीशी आहेत, त्यांचा "हां" आहे, मी कॉलेज अर्धवट सोडून घरात बसलोय, ताईचं लग्न व्हायचंय. त्यानंतरची बावीस वर्षं मी त्या घरात पाहुण्यासारखा गेलो. बाबा गेले तेव्हा चार दिवस राहिलो, घर माणसांनी भरलेलं, कोण कुठं बसलंय याची शुद्ध नव्हती. पुढच्या दीड वर्षात दोनदा, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. खुर्ची गेल्यावर आई बिछान्यापासून ओट्यापर्यंत कशी चालायची ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी ताईला फोन केला. आई गोंधळलीय असं कळू द्यायचं नव्हतं, म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं की बाबांची खुर्ची आईनं वहिनींना का दिली होती.

मग तिनं सांगितलं. बाबा त्या खुर्चीतच गेले एवढं मला माहीत होतं. सकाळी सातच्या सुमाराला आई उठली, पाच पावलं आली, खुर्चीच्या पाठीला हात लागला, आणि "हां" आलं नाही. तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला, मग गालाला. मग तिथंच खाली जमिनीवर बसली, त्यांचा हात आपल्या हातात धरून. वहिनी दुपारी बारा वाजता आल्या तोवर ती तशीच बसलेली. पाच तास. शेजार भिंतीला भिंत लावून, साधी हाक मारली असती तरी माणसं धावली असती. हाक का नाही मारली म्हणून वहिनींनी विचारलं, तर म्हणाली, घाई काय होती? पुढे आठ दिवसांनी तिनं स्वतः खुर्ची बाहेर काढायला लावली, आणि खुर्चीवाचून वळायला शिकली. भिंतीला हात लावत, सात वेळा आपटून, कपाळावर टेंगूळ आणून शिकली. "तुला माहीत नव्हतं?" ताई म्हणाली, आणि मग स्वतःच म्हणाली, "तुला कुठून असणार." ती टोचून बोलत नव्हती. टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी सकाळी सात ते बारा काय करत होतो ते मला चांगलं आठवतं. शाळेच्या चड्ड्या कापत होतो. मोबाइल गेटवर कपाटात ठेवायचा असा आमच्याकडे नियम आहे, निरोप मला एक वाजता कळला, आणि गावी पोचायला दुसरी सकाळ उजाडली. तोवर सगळं आटपलं होतं. माझा आवाज ऐकून आई रडली नाही. जेवलास का, म्हणाली.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या मी खुर्ची उचलून इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवली आणि खडूची खूणही पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाच पावलं आली. तिनं हात पुढे केला, तो हवेतच राहिला. मी बघत होतो. मला वाटलं, आता तिला आठवेल. खुर्ची नाही म्हणजे ते नाहीत, एवढं तरी तिच्या अंगाला कळेल. आई म्हणाली, "आज लवकर उठून गेले वाटतं," आणि उजवीकडे वळली. सहा पावलं. भिंतीला हातसुद्धा लावला नाही. चहा घेताना तिनं विचारलं, कुठं गेलेत रे? मी म्हटलं, बाहेर. बाहेर म्हणजे कुठं? म्हटलं, येतील. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला सांगता येत नाही. निघालं एवढं खरं.

आणि ती खुशीत राहू लागली, हेच तर मला बघवत नव्हतं. गावी शेवटी शेवटी ती दिवसचे दिवस बिछान्यावर बसून असायची, हे ताईनं सांगितलं होतं. इथं ती उठून केस विंचरायची, दोनदा पदर सारखा करायची, जिन्यात पाऊल वाजलं की तोंड दाराकडे वळवायची. तिसऱ्या मजल्यावर दिवसभरात किती पावलं वाजतात हे मला तोवर माहीत नव्हतं. समोरच्या काकू दुपारी डोकावून जायच्या. त्या म्हणाल्या, तुमच्या आई फार आनंदी आहेत हो, सारख्या मिस्टरांबद्दल सांगतात. कधी येणारेत ते? मी त्यांनाही ताकास तूर लागू दिली नाही. ताईचा फोन यायचा, कशी आहे? मी सांगायचो, चालते, फिरते, पडली नाही. सगळं खरं. आमच्या अटीत तेवढंच तर होतं. कधीकधी वाटायचं, काय बिघडलं? तिला सुख आहे, मला आई आहे. कुणी येणार आहे असं वाटत जगणारी माणसं जगात कमी आहेत का? मी स्वतः बावीस वर्षं त्या कॉटवर पडून काय करत होतो? कुणीतरी बोलवील, ये म्हणेल, मग जाऊ गावाकडे, असंच ना? आईबाबा कधी ये म्हणाले नाहीत, मुलाच्या कामाचा खोळंबा नको म्हणून. आणि मी गेलो नाही, ते बोलवत नाहीत म्हणून. एवढ्या साध्या गोष्टीत आमची वर्षं गेली, आता कुणावर रागवायचं, मला कळत नाही.

पण तिसऱ्या आठवड्यात तिनं जेवणाला हात लावणं सोडलं. आधी म्हणायची, ते आले की बसू. मग घासभर खायची, माझ्या समाधानासाठी, आणि उरलेलं त्यांच्यासाठी झाकून ठेव म्हणायची. मग तो घासही थांबला. चहावर राहू लागली. मनगटं बघता बघता वाळली, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला, तो मी दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत घेतला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खायला घाला. ताई रविवारी येणार होती, महिना भरत आला होता. तिला ही मनगटं दिसली की फॉर्म तयारच होता, आणि तिनं नेलं असतं तर तिचंही चुकलं नसतं. मी शनिवारी दुपारी ताट वाढून आईसमोर ठेवलं. ती म्हणाली, त्यांना येऊ दे. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिचे दोन्ही हात धरले, आणि सांगितलं, "आई, बाबा येणार नाहीत. बाबा गेले. दीड वर्ष झालं."

ती रडली नाही, चिडलीसुद्धा नाही. लहान मुलाला चूक दाखवावी तशा आवाजात म्हणाली, "काहीतरीच काय. मग हे घर?"

मी म्हटलं, हे आपलं घर नाही. आपण शहरात आहोत, माझ्याकडे. गावातलं घर मालकानं मागून घेतलं.

"मग मला इथं वाट कशी कळते?"

मी नाडीचं सांगितलं. बावीस घरं, वीस इंच, पाच आणि सहा आणि चार, एजंट काय म्हणाला ते, सगळं. सांगताना मलाच ते बावळटपणाचं वाटायला लागलं. आई ऐकत होती. मधेच तिनं माझे घोटे चाचपले, जणू नाडी अजून बांधलेलीच असेल. मग हळूहळू तिचा चेहरा पडत गेला. दीड वर्षापूर्वी तो असाच पडला असणार, पण तेव्हा बघायला कुणी नव्हतं. ती रडली. मोठ्यानं, कण्हल्यासारखं, मागेपुढे झुलत. मी आयुष्यात तिला असं रडताना पाहिलं नव्हतं आणि मला पळून जावंसं वाटत होतं. पळालो नाही एवढंच. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, कसे गेले? म्हटलं, बसल्या बसल्या, सकाळी. त्रास झाला? म्हटलं, नाही. तिची बोटं माझ्या हातावर काहीतरी शोधल्यासारखी फिरत होती.

"जवळ कोण होतं? तू होतास ना?"

मी ताटाकडे बघितलं. खरं सांगायची माझी फार इच्छा होती, हे मी शपथेवर सांगेन. तिच्या पायावर डोकं ठेवून म्हणावं, नव्हतो गं, तू एकटी होतीस, पाच तास. तिनं मला शिव्या द्याव्यात, किंवा माफ करावं, काहीही, पण ते तिच्याकडून यावं. दीड वर्ष मी त्यासाठीच तर थांबलो होतो. "होतो," मी म्हटलं. "तुझ्या शेजारीच बसलो होतो."

"मग बरं झालं," आई म्हणाली. तिनं मोठा श्वास सोडला. "मला सारखं वाटायचं, मी एकटीच होते." मग तिनं ताटाकडे हात नेला, आणि जेवली.

दुसऱ्या दिवशी ताई आली, आईची मनगटं बघून तिचा हात पर्सकडे गेला, पण आईनं तिच्यासमोर सगळं ताट संपवलं, आणि ताई फॉर्म पर्समधून न काढताच परत गेली. त्या सकाळीही चहाच्या वेळी आईनं विचारलं होतं, हे कुठं गेलेत रे? कालचं तिला काही आठवत नव्हतं. मी सांगितलं. ती तशीच रडली, आणि शेवटी तेच विचारलं. आता हे रोजचं झालंय. कामावर जायच्या आधी अर्धा तास मी त्यासाठी ठेवतो. रोज बाबा जातात, रोज ती विचारते जवळ कोण होतं, आणि रोज मी तिथं असतो.